सुरेनच्या टेकडीवरची खुर्ची

माझं ऑफिस पॅरिसच्या पश्चिमेला असलेल्या ला देफाँसमध्ये. ट्राममध्ये बसलं की जरा पुढे सुरेन लागतं. तिथल्या टेकडीच्या उतारावर अमेरिकन सैनिकांचं दफनस्थान आहे: पहिल्या महायुद्धातल्या दीड हजारांवर जवानांचे पांढरे संगमरवरी क्रूस, खाली पसरलेलं पॅरिस.

सध्या साताऱ्याला आईला फोन केला की एकच विषय निघतो. जवान गेल्यावर मिळणाऱ्या मदतीत आईबापांचा वाटा किती, सुनेचा किती, तिनं दुसरं लग्न केलं तर काय. वाद खरा आहे. म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याचा प्रश्न क्षुल्लक नाही. पण या टेकडीवर आलं की मला त्या वादात कधीच न येणारी एक गोष्ट आठवते.

१९२९ साली अमेरिकेच्या संसदेनं कायदा केला. ज्यांची मुलं किंवा नवरे युरोपात पुरलेत, त्या आयांना आणि पुन्हा लग्न न केलेल्या विधवांना सरकारी खर्चानं तिथवर न्यायचं. १९३० ते १९३३ या काळात साडेसहा हजारांहून जास्त बायका आल्या. बोट, हॉटेल, सोबतीला नर्स, सगळं सरकारचं. थडग्याशी प्रत्येकीच्या हाती पुष्पचक्र द्यायचे आणि बसायला घडीची खुर्ची मांडायचे. त्या खुर्चीपाशी माझं मन अडतं. मांडणाऱ्याला ठाऊक होतं, ही बाई लगेच उठायची नाही.

त्याच सरकारनं कृष्णवर्णीय आयांना मात्र वेगळ्या बोटींनी आणलं, वेगळं उतरवलं. काहींनी यायलाच नकार दिला. तो कलंक पुसला जाणार नाही.

आमच्या शेजारच्या काकींचा मुलगा १९८७ साली भारतानं पाठवलेल्या शांतिसेनेतून श्रीलंकेत गेला, तो परतलाच नाही. घरी अस्थी आल्या आणि काळी ट्रंक. ट्रंकेत दाढीचा ब्रश होता, साबण वाळून चिकटलेला. काकींनी तो कधी धुतला नाही. मी भूगोल शिकलेली म्हणून मला विचारायच्या, "तिकडं झाडं हायत का गं?"

कोलंबोजवळ २००८ पासून शांतिसेनेचं स्मारक आहे, सुमारे १,२०० नावांचं. मुंबईहून विमानानं तीन तासही लागत नाहीत. काकी ते न बघताच गेल्या.

पहिल्या महायुद्धात आमच्या जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे गावाचे ४६ जवान गेले. त्यांच्या आयांना कुणी विचारलं नाही. राज्य परक्याचं होतं. १९८७ साली तर आपलंच होतं ना?

कारगिल विजय दिनाला द्रासला काही कुटुंबांना बोलावतात, ते चांगलंच आहे. पण तो समारंभ. मी मागतेय तो हक्क: आई, बाप, बायको, तिघांनाही एकदा तरी जवान जिथं पडला त्या जागी न्या, भाषणं नसलेल्या दिवशी, त्यांची बोली जाणणारं माणूस बरोबर देऊन. वाट्याचा निकाल लागेपर्यंत हे थांबवायचं काही कारण नाही.

काकींना तर पासपोर्ट काढावा लागतो, हेसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.