पाटी बदलली, झालं?

आज एका मॉलमधल्या स्वच्छतागृहावर बघते तर 'महिला' पाटी गायब आणि तिच्या जागी नवी कोरी 'सर्वांसाठी'. शेजारचं पुरुषांचं? ते पुरुषांचंच! म्हणजे समानतेचा खर्चही आमच्याच खात्यातून. डोकंच फिरलं.

पुरुषांना मुतारी फुकट आणि आमच्याकडून पैसे का, म्हणून 'राइट टू पी' चळवळीतल्या बायका २०११ पासून मुंबईत भांडताहेत. बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित सोय करा हे महापालिकांना २०१५ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. एवढ्या खटपटीनं मिळालेली चार दारं, तीही आता वाटून घ्यायची? पाळी चालू, दार खालून वीतभर उघडं आणि बाहेर कोणी अनोळखी बाप्या हात धुतोय. नाही जमत मला.

"घरी एकच असतो ना सगळ्यांचा?" हो, असतो. पण घरी दाराबाहेर कोण उभंय ते माहीत असतं!

आता मला मागासलेली म्हणणाऱ्यांसाठी. बाबांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर त्यांना एसटीनं पुण्याला आणत होते. वाटेत एका स्टँडवर उतरलो. पुरुषांच्या बाजूला, "ओ ताई, इकडं कुठं?" बायकांच्या बाजूला मावशींनी झाडू आडवा धरला. त्यांचंही बरोबरच, आत बायका होत्या. बाबा माझ्या खांद्यावर रेलून, चालत्या हातानं पायजम्याची नाडी गच्च धरून उभे. लेकीसमोर कधी नुसत्या बनियनवर न बसलेला माणूस.

म्हणून सांगते, सगळ्यांसाठी एक खोली हवीच. पण आमचं काढून नव्हे, वेगळी. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून नव्या बिगरनिवासी इमारतींत स्त्री-पुरुषांची वेगळी सोय सक्तीची आहे. सर्वांसाठीच्या बंद खोल्या त्याशिवाय, जागा असेल तर. नुसत्या खोल्यांवर भागवायचं ते जागाच नसेल तेव्हा.

तृतीयपंथीयांनी कुठं जायचं? प्रश्न खरा आहे, मान्य. त्यांची वेगळी सोय करा असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच सांगितलंय. केली का कोणी? पाटी बदलणं स्वस्त पडतं ना!

त्या दिवशी शेवटी आमच्या कंडक्टरनं पुरुषांची बाजू रिकामी करवली आणि स्वतः दारात पाठमोरा उभा राहिला. भला माणूस. बाबा पुढे कितीदा तरी त्याची आठवण काढायचे. पण दर स्टँडवर असा कंडक्टर कुठून आणायचा?

खोलीला लागतं तरी काय? छतापर्यंत भिंती, आतून धड लागणारी कडी, धरायला दांडा, पिशवीला खुंटी, कचऱ्याला डबा. आणि कुलूप घालायचंच असेल तर किल्ली तिथंच ठेवा, साहेबांच्या ड्रॉवरमध्ये नको.