‘देश कमी, तिकिटं जास्त’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पॅरिस ते म्युनिक रेल्वेप्रवासाच्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्यामुळे उत्तरही दोन ओळींत उरकता येणार नाही. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, लेखात युरेल पासची (ठरावीक दिवस युरोपातल्या बहुतेक गाड्यांत चालणाऱ्या एकाच तिकिटाची) शिफारस केली, पण पास असूनही काही गाड्यांत जागेचे वेगळे पैसे पडतात ही गोष्ट एका ओळीत गुंडाळली; त्यापेक्षा एकेका टप्प्याची सुटी तिकिटं स्वस्त. दुसरा, १३ रात्रींत चारच देश, तर ‘टूरवाले १० दिवसांत आठ दाखवतात’. तिसरा, ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या आल्प्सची दृश्यं दाखवणाऱ्या स्विस गाड्या सोडून साध्या गाड्या सुचवल्या: ‘एवढा खर्च करून जायचं आणि पॅसेंजरमध्ये बसायचं?’

पहिला आक्षेप पूर्ण मान्य आहे. लेखात ‘पास घ्या म्हणजे मोकळे’ असं लिहायला नको होतं. आता तुमच्याच कुटुंबाचा हिशेब मांडू: दोन मोठी माणसं, एक मूल ९ वर्षांचं, दुसरं १३ वर्षांचं.

पासवर ४ ते ११ वर्षांची मुलं मोफत जातात, एका मोठ्या माणसामागे दोन. १२ ते २७ वयाला साधारण २५ टक्के सवलत असते. म्हणजे तुम्हाला दोन पूर्ण पास, एक सवलतीचा आणि एक फुकट. ५ दिवसांचा द्वितीय श्रेणीचा पास माणशी ३०० युरोंच्या आगेमागे असतो. पण जिथे आरक्षण सक्तीचं आहे तिथे फुकट पासवाल्या मुलालाही जागेचे पैसे पडतात, हे बहुतेकांच्या हिशेबातून सुटतं. लेखातल्या मार्गावर अशी सक्ती निदान दोन ठिकाणी आहे: पॅरिस ते स्वित्झर्लंडमधलं बाझल ही फ्रान्सची वेगवान गाडी टीजीव्ही आणि मिलान ते व्हेनिस ही इटलीची वेगवान गाडी फ्रेच्चारोसा. त्यातही टीजीव्हीत पासवाल्यांसाठी ठरावीकच जागा ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की गाडीत जागा रिकामी असली तरी पासवर मिळत नाही, पूर्ण तिकीटच काढावं लागतं. म्हणून हे आरक्षण आधी पाहायचं, पास नंतर.

आता टप्पे एकेक करून पाहू. पॅरिस–बाझल, मिलान–व्हेनिस आणि व्हेनिस–म्युनिक या तिन्ही टप्प्यांची तिकिटं तीन-चार महिने आधी काढली तर पासच्या एका दिवसाच्या किमतीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतात. पास खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो स्वित्झर्लंडमधल्या दोन दिवसांत, कारण तिथलं ऐन वेळचं तिकीट महाग आणि आरक्षणाची सक्ती नाही. पण तिथेही ‘सेव्हर डे पास’ नावाचा दिवसभराचा पास सहा महिने आधीपासून मिळतो आणि जितक्या लवकर घ्याल तितका स्वस्त. तेव्हा तारखा पक्क्या असतील तर तुमचं म्हणणं बरोबर: सुटी तिकिटं स्वस्त.

मुंबईतून निघणाऱ्याची अडचण अशी की तारखा पक्क्या कधी होतात हे त्याच्या हातात नसतं. ती गोष्ट व्हिसावर अवलंबून. शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो. एप्रिल-मेच्या सुट्टीसाठी अर्ध्या मुंबईला त्याच आठवड्यांतल्या अपॉइंटमेंट हव्या असतात. स्वस्त तिकीट परत होत नाही, आणि व्हिसा हातात येईपर्यंत थांबलात तर स्वस्त तिकिटं संपलेली असतात. पासची किंमत मात्र तारीख जवळ आली म्हणून वाढत नाही, आणि सुरू न केलेला पास काही रक्कम कापून परतही करता येतो. म्हणून लेखातला सल्ला आता असा वाचा: निघण्याच्या तीन महिने आधी पासपोर्टवर शिक्का असेल तर सुटी तिकिटं, निघायला तीन-चार आठवडे उरले असताना व्हिसा आला तर पास. ९ वर्षांचं मूल सोबत असेल तर पासचं पारडं आणखी जड होतं.

व्हिसाबद्दल तुम्ही कंसात विचारलं होतं की फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तर तिथूनच अर्ज करावा का. नियम असा की ज्या देशात सर्वांत जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथून प्रवेश करणार त्या देशाकडे. लेखातल्या आखणीत पॅरिस ३, स्वित्झर्लंड ६, इटली ३ आणि म्युनिक १ रात्र आहे, म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडेच. कागदावर फ्रान्सच्या रात्री फुगवून दाखवणं धोक्याचं आहे, कारण विमानतळावर हॉटेलची बुकिंगं विचारली तर उत्तर जुळायला हवं. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हॉटेलं त्या टप्प्यावर रद्द करता येणारीच घ्या.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. टूरची बस आणि रेल्वे यांत वेगाइतकाच मोठा फरक सामानाचा आहे. बसमध्ये बॅगा पोटात टाकल्या की संध्याकाळी हॉटेलच्या दारात काढायच्या. रेल्वेत तुमची बॅग तुम्हीच उचलायची: हॉटेलातून स्टेशन, फलाट, डबा, पुन्हा फलाट. हमाल नाही. डब्याच्या पायऱ्या, रॅकची उंची, बदलाची सात मिनिटं. २८ इंची चार बॅगा घेऊन संध्याकाळी सहा वाजता दादरचा पूल ओलांडायची कल्पना करा. एकदा ठीक, रोज नाही. शिवाय हॉटेल सकाळी १०-११ला सोडायचं आणि नवं दुपारी तीनच्या सुमारास मिळायचं, म्हणजे गाव बदललं की किमान अर्धा दिवस गेला. आठ देशांत सात वेळा गाव बदलतं. दहातले साडेतीन दिवस फलाटावर आणि हॉटेलच्या लॉबीत. म्हणून आखणी करताना देश मोजू नका, गाव बदलण्याचे दिवस मोजा. १३ रात्रींत पाच बदल पुरे. सामान माणशी एक, आणि जिन्यावरून एका हाताने उचलता येईल एवढंच.

बदलांच्या वेळेबद्दलही लेखात कमी लिहिलं होतं. स्वित्झर्लंडचं वेळापत्रकच असं बांधलेलं आहे की मोठ्या स्टेशनांत गाड्या एकाच सुमारास येतात आणि थोड्या मिनिटांत एकमेकींना प्रवासी देऊन सुटतात. तिथे ६-७ मिनिटांचा बदल घाबरण्यासारखा नाही. चुकला तरी बहुतेक मार्गांवर अर्ध्या-एका तासात पुढची गाडी आहे. जर्मनीत तीच सवय नेऊ नका. तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना उशीर होणं नेहमीचं आहे, बदलाला किमान तासभर ठेवा. व्हेनिस ते म्युनिक ब्रेनर घाटातून येणारा प्रवास साडेसहा-सात तासांचा. त्याच रात्रीचं मुंबईचं विमान धरू नका. म्युनिकची ती एक रात्र, जी तुम्हाला ‘वाया’ वाटली, ती यासाठीच आहे. शक्य तिथे पूर्ण प्रवासाचं एकच सलग तिकीट काढा. सलग तिकिटावर पहिली गाडी उशिरा आली तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची. दोन वेगळी स्वस्त तिकिटं असतील तर दुसरं बुडालं.

आता पॅसेंजर. बर्निना एक्सप्रेस आणि साधी गाडी एकाच रुळांवरून जातात. तोच ६५ मीटर उंचीचा लांडवासर पूल, तोच ब्रुझिओचा गोल वळसा घेणारा पूल. एक्सप्रेसला मोठ्या काचा आहेत, पण आरक्षण सक्तीचं आणि त्याचे वेगळे पैसे. साध्या गाडीला आरक्षण नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात (फोटोत काचेचं प्रतिबिंब येत नाही), आणि ढग असतील तर आजचं उद्यावर ढकलता येतं. डोंगरात ही शेवटची सोय सर्वांत मोलाची, कारण खिंडीत धुकं असेल तर मोठ्या काचेतूनही पांढरंच दिसतं.

या मार्गाची थोरवी मुंबईकराला एका तुलनेत कळेल. कर्जतहून बोरघाट चढताना चढ ३७ला १ आहे आणि गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. माथेरानच्या छोट्या गाडीचा चढ २०ला १. बर्निनाचा चढ १४ला १, आणि तोही दातेरी रुळाशिवाय, नुसत्या चाकांच्या पकडीवर. ओस्पित्सिओ बर्निना हे स्टेशन २,२५३ मीटरवर आणि इटलीतलं तिरानो ४२९ मीटरवर; दीड-दोन तासांत गाडी बर्फातून द्राक्षांच्या मळ्यांत उतरते. सेंट मॉरिट्झहून निघताना उजव्या बाजूला बसा.

स्वित्झर्लंडमधल्या खूरहून सेंट मॉरिट्झ दोन तास, तिथून तिरानो सव्वादोन-अडीच, तिरानोहून मिलान आणखी अडीच. एका दिवसात होतं, पण खूरहून सकाळी आठच्या आत निघा. तिरानोत स्विस आणि इटालियन अशी दोन स्टेशनं एकमेकांना लागून आहेत. मधला चौक ओलांडायला पाच मिनिटं पुरतात. मिलानची गाडी साधारण दोन तासांनी एक, तेव्हा जेवण त्या वेळेत बसवा. स्टेशनवर काढलेलं कागदी तिकीट चढण्यापूर्वी यंत्रात घालून शिक्का मारून घ्यायचं. तो राहिला तर तिकीट असूनही दंड होतो. पास असेल तर हीच चूक वेगळ्या रूपात होते: बसण्यापूर्वी ती गाडी ॲपमध्ये त्या दिवसाच्या प्रवासात जोडायची असते, आणि लोक तपासनीस आल्यावर फोन काढतात.

ग्लेशियर एक्सप्रेस वाईट नाही. झेर्माट ते सेंट मॉरिट्झ आठ तास एकाच खुर्चीत, आणि पास असला तरी आरक्षणाचे माणशी ५० फ्रँकच्या आसपास. ९ वर्षांच्या मुलाला ते आठ तास जड जातील असं मला वाटतं. आजी-आजोबा सोबत असतील तर उलट सल्ला देईन, कारण सामान एकदा ठेवलं की दिवसभर उठावं लागत नाही.

शेवटी तारखांचं. दिवाळीच्या सुट्टीत जाण्याचा विचार आहे असं तुम्ही लिहिलंय. ग्लेशियर एक्सप्रेस ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद असते, आणि नोव्हेंबरात डोंगरावरच्या बऱ्याच रोपवे वार्षिक दुरुस्तीसाठी थांबतात. युंगफ्राऊयोखची गाडी मात्र वर्षभर चालते. तिला युरेल पास लागू नाही, २५ टक्के सवलत मिळते. दिवाळीतच जायचं असेल तर स्वित्झर्लंडच्या सहा रात्रींतल्या इंटरलाकेनच्या चारपैकी दोन रात्री व्हेनिस आणि पॅरिसला द्या. तसं केलंत तर स्वित्झर्लंड आणि पॅरिसच्या रात्रींचा हिशेब नव्याने करा, कारण व्हिसाचा देश त्याने बदलू शकतो. मेमध्ये जाणार असाल तर आखणी आहे तशी ठेवा. फक्त उंचावरच्या पायवाटांवर तेव्हा बर्फ असतो, श्यूनिगे प्लाटेची डोंगरी गाडी तर जूनच्या मध्याच्या सुमारास सुरू होते.

मूळ लेखातला पासचा परिच्छेद आज बदलतो आहे. तुमच्या तारखा आणि व्हिसाची अपॉइंटमेंट कळवलीत तर टप्प्यांप्रमाणे कुठलं तिकीट कधी काढायचं ते इथेच खाली लिहून देईन.