हिरवी जाळी लावली की झालं?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरून राहिलाय: ‘हॉस्पिटलात दुरुस्तीसाठी तोडफोड चालू असली तरी पेशंट हलवायची गरज नाही. हिरवी जाळी, पेशंटला मास्क आणि काम रात्री, एवढं पुरतं. धूळ तर नागपुरात सगळीकडेच आहे.’ केमो चालू असलेल्या एका काकांच्या मुलानं तो मला दाखवला. मी संसर्ग नियंत्रण पाहणारी नर्स, त्यामुळे गप्प बसवेना.

जाळी विटेचा तुकडा अडवते. तिची भोकं मिलिमीटरची, अ‍ॅस्परजिलस बुरशीचा बीजाणू जेमतेम २-३ मायक्रॉनचा. हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर, हिशोब तुम्हीच करा. जुनं छत फोडलं की हे बीजाणू उडतात आणि तासन् तास तरंगतात. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. केमोवाल्याच्या फुप्फुसात मात्र ते रुजतात. त्यात मे महिन्यातला आपला कूलर! तोडफोडीच्या बाजूच्याच खिडकीत बसून तो ती हवा थेट वॉर्डात ओढतो.

खरं लागतं ते वरच्या स्लॅबपर्यंत नेलेलं पार्टिशन (फॉल्स सीलिंगपाशीच थांबलेलं चालत नाही), एसीची सील केलेली तोंडं आणि कामाच्या जागेतली हवा हेपा फिल्टरमधून (बीजाणूही अडवणारी बारीक गाळणी) बाहेर फेकणारं मशीन. मी दाराच्या फटीशी टिशूची पट्टी धरते. ती कामाच्या बाजूला ओढली गेली पाहिजे, म्हणजे तिकडची हवा वॉर्डात येत नाही. एकदा ती उलट माझ्याकडे फडफडली. पाहते तर मशीनची पिन काढून तिथे ड्रिल लावलेलं. ‘पाचच मिनिटं मॅडम, काऊन रागावता?’

मास्क? सर्जिकल मास्क गालाशी उघडाच असतो. आणि ऑक्सिजनवरच्या पेशंटला तो लावणार कुठे?

रात्री काम तर त्याहून वाईट. माणसं कमी, आणि वेल्डिंगची ठिणगी तासाभरानंही पेटू शकते. म्हणून काम संपल्यावरही तिथे कुणीतरी बसावं लागतं. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला मध्यरात्रीनंतर नवजात कक्षातल्या आगीत १० बाळं गेली. तिथे बांधकामाचा प्रश्न नव्हता, पण रात्रीची आग काय करते ते आपण शेजारीच पाहिलंय.

सगळेच पेशंट हलवायची गरज नसते, हे मान्य. काकांना हलवायलाच हवं.

पाण्याचं तर मेसेजात नावच नाही. कामासाठी बंद ठेवलेल्या पाइपात पाणी साचतं, त्यात लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढतो. लाइन सुरू झाल्यावर आधी नळ भरपूर वाहू द्यायचे. तोवर काकांना त्या पाण्यानं गुळणीही करू देऊ नका, एवढं मुलाला सांगून आले.