टेक्सास ‘ब्लू’ होतंय आणि ते रेडिओनं केलं म्हणे

गेले काही महिने आमच्या डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, दर थोड्या दिवसांनी कोणीतरी तो नव्यानं टाकतं आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. त्यात म्हटलंय की टेक्सास रिपब्लिकन लोकांच्या हातातून चाललंय, म्हणजे ‘ब्लू’ (निळा हा डेमोक्रॅटांचा रंग, लाल रिपब्लिकनांचा) होतंय, कारण कॅलिफोर्नियावाले तिकडची घरं विकून इथं येतात आणि येताना मतंही घेऊन येतात, हिस्पॅनिक वाढले म्हणजे डेमोक्रॅट वाढले, आपले देसीही तिकडंच झुकलेत, आणि या सगळ्यांचं डोकं फिरवायचं काम सरकारी पैशावर चालणारा पब्लिक रेडिओ करत होता, तो २०२५ मध्ये बंद पाडला म्हणून राज्य वाचलं. मला कुठल्याच पक्षाची वकिली करायची नाहीये, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य उलटं आहे राव.

आधी ‘हातातून चाललंय’ बघू. टेक्सासनं राष्ट्राध्यक्षपदासाठी डेमोक्रॅट शेवटचा निवडला १९७६ साली, जिमी कार्टर. राज्यभर मतदान होतं अशा कुठल्याही पदावर डेमोक्रॅट शेवटचा जिंकला १९९४ ला. आता राष्ट्राध्यक्षपदाच्या मतदानातली रिपब्लिकन आघाडी बघा, २०१२ ला साधारण १६ टक्क्यांची, २०१६ ला ९, २०२० ला साडेपाच. इथपर्यंत फॉरवर्डवाल्याचं बरोबर आहे, उतार दिसतोच. पण २०२४ ला तीच आघाडी पुन्हा पावणेचौदाच्या आसपास गेली, आणि ते याच्या गावीही नाही. याचं घड्याळ २०२० लाच बंद पडलंय.

कॅलिफोर्नियावाल्यांचं प्रकरण तर मजेशीर आहे. २०१८ ला रिपब्लिकन टेड क्रूझ आणि डेमोक्रॅट बेटो ओरूर्क यांची सिनेटची लढत झाली, क्रूझ जेमतेम अडीच टक्क्यांनी वाचले. त्यावेळच्या सीएनएनच्या एक्झिट पोलमध्ये टेक्सासमध्येच जन्मलेल्यांत ओरूर्क ५१-४८ नं पुढं होते आणि बाहेरून येऊन राहिलेल्यांत क्रूझ ५७-४२ नं! म्हणजे भूमिपुत्रांनी क्रूझना पाडलंच होतं, उपऱ्यांनी तारलं. एक्झिट पोल म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे हे मान्य, पण फरक इतका मोठा असेल तर दिशा तरी कळतेच ना. आणि विचार केला तर यात नवल काय, स्टेट इन्कम टॅक्स नाही, घरं स्वस्त, सरकारची लुडबुड कमी असं म्हणत जो माणूस कॅलिफोर्निया सोडून मुद्दाम टेक्सास निवडतो तो मुळात कुठल्या विचाराचा असणार. डावा कंटाळला तर तो कोलोराडो नाहीतर ऑरेगॉन बघेल की.

हिस्पॅनिक मुद्दा जरा नीट बघायला हवा, कारण त्याचा अर्धा भाग खरा आहे. २०१० ते २०२० मध्ये टेक्सासची लोकसंख्या जवळपास ४० लाखांनी वाढली आणि त्यातली सुमारे ९५ टक्के वाढ गोऱ्यांव्यतिरिक्त लोकांची होती. हिस्पॅनिक आता राज्यातला सगळ्यात मोठा गट आहे. पण लोकसंख्येतला वाटा आणि मतदारांतला वाटा या दोन वेगळ्या गोष्टी, कारण त्यांच्यात १८ च्या खालची पोरं जास्त, काही जण नागरिक नाहीत, आणि जे आहेत ते सगळे मतदानाला जातातच असंही नाही.

आणि जे जातात ते कुठं मत देतात? मेक्सिकोच्या सीमेला लागून स्टार काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) आहे, तिथं शंभरातली पंचाण्णवच्या वर माणसं हिस्पॅनिक. २०१६ ला डेमोक्रॅट हिलरी क्लिंटनना तिथं ७९ टक्के मतं होती. २०२० ला बायडन ५२ वर आले. २०२४ ला ट्रम्प तिथं जवळपास ५८ टक्के घेऊन जिंकले, शंभरहून जास्त वर्षांत तिथं राष्ट्राध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकला नव्हता. आठ वर्षांत ६० टक्क्यांची डेमोक्रॅट आघाडी जाऊन १६ टक्क्यांची रिपब्लिकन आघाडी, आणि ते लोकसंख्या फारशी न बदलता, म्हणजे माणसं तीच, मतं वेगळी! सीमेजवळच्या बाकीच्या काउंट्यांतही कमीजास्त हेच झालं. महागाई, सीमेवरचा गोंधळ, तेल-गॅसमधल्या नोकऱ्या, चर्च, कारणं बरीच आहेत, पण ‘हिस्पॅनिक म्हणजे डेमोक्रॅट’ हे समीकरण खुद्द रिपब्लिकन पक्षालाही पटत नाही, नाहीतर २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी संसदेत पाच जादा जागा काढायला त्यांनी मतदारसंघांचा जो नवा नकाशा केला, त्यात हिस्पॅनिक बहुसंख्य मतदारसंघांवर एवढा डाव लावला असता का?

आता आपण, म्हणजे देसी. फ्रिस्को, प्लेनो, अर्व्हिंगला किराणा दुकानात उभं राहिलं की वाटतं सगळं राज्य आपलंच झालंय. पण एच-वन-बी वर असलेल्याला मत नसतं, ग्रीन कार्डवाल्यालाही नसतं, नागरिक झाल्याशिवाय नाही. भारतात जन्मलेल्यांची ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे ते या ग्रुपवर कोणाला सांगायची गरज नाही, आणि कार्ड मिळालं तरी साधारणपणे पुढं पाच वर्षं थांबायचं. म्हणजे जो माणूस हा फॉरवर्ड पुढं ढकलतोय, त्यालाच कदाचित मत नाहीये. फ्रिस्को-प्लेनोची कॉलिन काउंटी बदलली का, तर हो, बदलली, २०१२ ला रिपब्लिकन मिट रॉम्नींना ६५ टक्के, २०२० ला ट्रम्पना ५१ च्या थोडं वर. पण २०२४ ला परत ५४ च्या आसपास. आणि कॉलिनमध्ये राज्याबाहेरून आलेले शिकलेसवरलेले गोरेही ढिगानं आहेत, सगळं श्रेय किंवा खापर आपल्याच डोक्यावर घ्यायचं कारण नाही.

मग रेडिओ. आपल्याकडं पब्लिक रेडिओ म्हटलं की डोळ्यासमोर आकाशवाणी येते, दिल्लीतून पैसा आणि दिल्लीतूनच बातम्या. इथं तसं नाही. डॅलसचं केरा, ह्यूस्टनचं ह्यूस्टन पब्लिक मीडिया, सॅन अँटोनियोचं टेक्सास पब्लिक रेडिओ, ऑस्टिनचं केयूटी ही सगळी वेगवेगळी स्टेशनं, कुठं विद्यापीठाची तर कुठं ना-नफा संस्थेची, आणि पैसा मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या देणग्यांचा आणि स्थानिक प्रायोजकांचा. दर काही महिन्यांनी प्लेज ड्राइव्हमध्ये ‘फोन करा, पैसे द्या’ म्हणून कान किटवतात ते उगाच का! १९६७ च्या कायद्यानुसार अशा स्टेशनला कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध करता येत नाही. केंद्र सरकारचे पैसे सीपीबी नावाच्या संस्थेतून यायचे, वर्षाला सुमारे साडेत्रेपन्न कोटी डॉलर, म्हणजे माणशी दीड डॉलरच्या जरा वर, आणि त्यातला मोठा वाटा टीव्हीला. या स्टेशनांना देशभरच्या बातम्या आणि कार्यक्रम पुरवणाऱ्या वॉशिंग्टनच्या एनपीआरला (नॅशनल पब्लिक रेडिओ) थेट सरकारी पैसा त्यांच्या उत्पन्नाच्या एखादा टक्का. स्टेशनं त्यांना कार्यक्रमांची फी भरतात, तेव्हा आडवाटेनं अजून थोडा जातो हेही खरं.

एनपीआर डावीकडं झुकलंय का? माझ्या मते हो, बऱ्यापैकी. तिथंच २५ वर्षं काढलेल्या उरी बर्लिनर यांनी २०२४ ला लिहिलं होतं की २०११ मध्ये श्रोत्यांतले २६ टक्के स्वतःला कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणवत होते, २०२३ पर्यंत ते ११ वर आले. ही तक्रार रास्त आहे. पण बघा, ज्याचे कॉन्झर्व्हेटिव्ह श्रोतेच उठून गेलेत तो त्यांची मतं फिरवणार कशी? एक तर तो आपल्याच लोकांशी बोलतोय, नाहीतर राज्य फिरवतोय, दोन्ही एका वेळी कसं चालेल!

आणि तारखा तर लावा की. सीपीबीचे हे पैसे कापायचा कायदा सही झाला २४ जुलै २०२५ ला. टेक्सास आठ टक्क्यांनी उजवीकडं सरकलं नोव्हेंबर २०२४ ला. म्हणजे रेडिओ पूर्ण पैशावर चालू असतानाच राज्य अजून लाल झालं, मग ‘बंद पाडला म्हणून वाचलं’ हे कुठून आलं? शिवाय बंद पडलाच नाही, केरा ९०.१ वर लावा, वाजतोय.

खरा फटका बसला तो पार पश्चिमेला. केरासारख्या मोठ्या शहरातल्या स्टेशनला सीपीबीचा पैसा म्हणजे बजेटचे थोडेसेच टक्के, श्रीमंत श्रोते आहेत, भरून काढतील. मार्फा पब्लिक रेडिओचं मात्र साधारण एक तृतीयांश बजेट तिथून यायचं, आणि त्यांचा इलाका म्हणजे बिग बेंडचं वाळवंट आणि वर मिडलंड-ओडेसाचा तेलपट्टा, जिथं ट्रम्पना चारातली तीन मतं पडतात. तिकडं डोंगरात मोबाईलची रेंज जाते, वणवा किंवा पूर आला तर गाडीतला रेडिओच कामाला येतो, आणि देणग्या मागायच्या तर माणसंच विरळ. वॉशिंग्टनच्या एनपीआरवरचा राग काढायला निघालेल्यांनी कुऱ्हाड घातली ती तिथं, स्वतःच्याच मतदारांच्या टॉवरवर.