टीबीचा एक पेशंट सहा महिने सांभाळा

मराठवाड्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याचा विषय, शिकवते. टीबीवर प्रश्न विचारला की मुलं धडाधड सांगतात: आधी दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, गोळ्या वजनानुसार, सीबीनॅट या थुंकीच्या तपासणीचं उत्तर दोन तासांत.

हीच मुलं वॉर्डात टीबीच्या खाटेपासून चार हात लांब उभी राहतात. औषध लागू पडत असेल तर साधारण दोन आठवड्यांत लागणीची भीती बरीच ओसरते, हे त्यांना ठाऊक असतं. तरी हिस्ट्री लांबूनच. खरा धोका ओपीडीच्या रांगेत महिनाभर खोकणाऱ्या, अजून निदान न झालेल्या माणसाकडून; तिथे मात्र मास्क हनुवटीवर! डॉक्टरच लांब उभा राहिलेला दिसला की घरचेही पेशंटचं ताट वेगळं करतात. ताट-वाटीतून टीबी पसरत नाही, हे मग त्यांना कोण पटवणार?

आणि "कामाला कुठं जाता?" हे कुणी विचारतच नाही. बीड, धारूर, केजकडची माणसं दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी कुणासाठी थांबत नाही. सप्टेंबरात सुरू झालेल्या गोळ्यांचे निम्म्याहून जास्त महिने फडावर जातात. निक्षय या टीबीच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर पेशंटची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते, औषध तिथल्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण निघण्याआधी हे कुणी सांगायला तर हवं. नाहीतर "आता बरं वाटायलंय" म्हणत गोळ्या सुटतात आणि आपण पेशंटला बेजबाबदार म्हणून मोकळे होतो. विद्यार्थ्यांच्या तोंडून हा शब्द मला ऐकवत नाही.

खाण्याचंही तेच. झारखंडमधल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पेशंटसोबत घरच्यांनाही जादा धान्य दिलं, तर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं. टीबीच्या पेशंटला खाण्यासाठी सरकारकडून मिळणाऱ्या निक्षय पोषणचे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये झालेत. ते खात्यात पडले का, हे विचारणं डॉक्टरचंच काम आहे.

एमबीबीएसला विद्यार्थ्यांनी कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम आता आहेच. त्यातच प्रत्येक विद्यार्थ्याला टीबीचा एक पेशंट पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत द्यावा. दर महिन्याला वजन लिहावं, घरात आणखी कुणी खोकतंय का पाहावं, पेशंट फडावर गेला तर तिथल्या आरोग्य केंद्राला फोन करावा. इंटर्नलचे मार्क याच कामाला द्यावेत. आमच्या विभागाच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हे मांडणार आहे. लातूर, नांदेड, परभणीकडच्या पीएसएमवाल्यांनीही आपापल्याकडे मांडावं.