‘पाणी गावकऱ्यांनी आणलं, संशोधकांनी फक्त अहवाल लिहिले’: एका फिरत्या मेसेजचा प्रतिवाद

मार्च उजाडला, टँकरच्या बातम्या सुरू झाल्या की हा मेसेज गटागटांतून फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, रोख तोच. थोडक्यात म्हणणं असं: महाराष्ट्रात पाणी आणलं ते गावकऱ्यांच्या घामानं आणि एकेका जिद्दी माणसानं. भूजलवाले, कृषी विद्यापीठं, पाण्यावर संशोधन करणाऱ्या संस्था यांनी नुसते अहवाल लिहिले. नाला खोल करायला भूशास्त्र लागत नाही, पोकलेन लागतं. हिवरे बाजारला कुठल्या शास्त्रज्ञाची गरज पडली? कोरडवाहू शेतकऱ्याला विद्यापीठांनी काय दिलं? ठिबक लावा, शेततळं घ्या, विषय संपला. आणि या संस्था तर परदेशी पैशावर पोसलेल्या. खाली हात जोडलेली चिन्हं आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

घाम गावकऱ्यांनीच गाळला, यात शंका नाही. तेवढं खरं असल्यामुळे त्याच्या पाठीवर बसून बाकीचं सगळं खपून जातं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘नाला खोल करायला भूशास्त्र लागत नाही’

सगळ्यात महागात पडलेला मुद्दा हाच, त्यामुळे जरा सविस्तर.

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भूभाग बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचले, आणि प्रत्येक थराचा स्वभाव निराळा. वरचा मुरूम पाणी पितो. मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा बेसाल्ट, झिजलेला असेल तर बऱ्यापैकी साठवतो. काळा कठीण पाषाण भेगा असतील तरच पाणी घेतो, नाहीतर थेंबही नाही. दोन थरांच्या मधे कुठे तांबडी गेरूसारखी माती असते, ती पाणी खाली जाऊ देत नाही. विहीर खणणाऱ्या जुन्या माणसांना हे थर हाताच्या बोटांसारखे ठाऊक असायचे. ते भूशास्त्रच होतं, फक्त त्याला पदवी नव्हती.

आता या जमिनीत पोकलेन उतरवा. तळाशी अभंग पाषाण असेल, तर खोल केलेला नाला म्हणजे नुसता उघडा हौद. पावसाळ्यानंतर फोटोत छान दिसतो. त्यातलं पाणी जिरत मात्र नाही, उन्हानं उडून जातं. याच्या उलट, वरचा पाणीधारक थरच कापला गेला, तर आजूबाजूच्या विहिरींत जे पाणी हळूहळू उतरायचं ते नाल्यात पाझरून वाहून जातं. म्हणजे खर्च करून शेजाऱ्याची विहीर आटवायची. कुठे जिरेल आणि कुठे जिरणार नाही, हे सांगायला खडक वाचणारा माणूस लागतो.

गंमत अशी की ज्या ‘शिरपूर पॅटर्न’चं नाव घेऊन गावोगाव नाले खणले गेले, त्यामागे भूवैज्ञानिकच होता. सुरेश खानापूरकर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले. शिरपूर तालुक्याचा मोठा भाग तापीच्या गाळाच्या पट्ट्यात येतो. तिथे वर चिकणमातीचा थर आहे, तो पावसाचं पाणी खाली जाऊ देत नाही. खाली मात्र वाळू-गाळाचे जाड थर रिकामे पडलेले. वरचं झाकण कापलं तर पाणी खाली जाईल, हा तर्क त्या जमिनीसाठी होता. खोदकाम सगळ्यांनी पाहिलं, खोदण्याआधीचं निदान कुणी पाहिलं नाही. मग तोच आराखडा मराठवाड्याच्या पाषाणावर उतरला.

डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात माथा ते पायथा उपचार, पाण्याचा ताळेबंद, सगळं कागदावर होतं. प्रत्यक्षात अनेक गावांत माथ्यावरची कामं राहिली आणि नालेच खणले गेले, कारण यंत्राचं काम झटपट होतं आणि बिल लगेच निघतं. ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही भूजल पातळी वाढवण्यात योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही, असा ठपका ‘कॅग’नं २०२० च्या अहवालात ठेवला. त्यावर राजकीय वाद झाले, ते बाजूला ठेवू. माझ्या मते धडा साधा आहे: भूशास्त्र वगळून काम केलं की काय होतं, याचा प्रयोग आपण राज्यभर करून बसलो आहोत.

‘हिवरे बाजारला कुठल्या शास्त्रज्ञाची गरज पडली?’

पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले. त्यांचं नेतृत्व नसतं तर गाव उभं राहिलं नसतं, हे कोण नाकारेल? पण हिवरे बाजारचं वेगळेपण चरांत नाही. समतल चर आणि माती नालाबांध शेकडो गावांनी केले. वेगळेपण आहे ते पाण्याच्या ताळेबंदात. पाऊस मोजायचा, विहिरींच्या पातळ्या घ्यायच्या, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी बाजूला काढून उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी तर जादा पाण्याची पिकं नाहीत. ऊस-केळीला मनाई, शेतीसाठी बोअरवेलला मनाई. ही पद्धत भूजलशास्त्राची आहे. गावानं ती आपलीशी केली, हा गावाचा मोठेपणा.

ताळेबंद म्हणजे काय ते आकड्यात पाहा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०,००० लिटर पाणी होतं. हजार हेक्टरच्या शिवारात ४०० मिलिमीटर म्हणजे ४०० कोटी लिटर. आकडा ऐकून वाटतं, अरे, एवढं पाणी! पण त्यातलं बरंचसं मातीतून आणि झाडापिकांतून परत हवेत जातं, काही वाहून जातं, आणि विहिरींच्या वाट्याला येणारा हिस्सा लहानच असतो. तो नेमका किती, हे खडक, माती, उतार आणि पिकांवर ठरतं. तो कळल्याशिवाय ‘यंदा ऊस लावायचा की हरभरा’ याला उत्तर नाही.

हे गणित करणारी माणसं बऱ्याचदा नजरेआड राहतात. भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास उभी राहिली. तिनं राज्याचे दीड हजाराहून जास्त पाणलोट आखले आणि हजारो निरीक्षण विहिरी ठरवल्या. वर्षातून चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये, त्यांची पातळी घेतली जाते. एखादा कर्मचारी टेप घेऊन बांधाबांधानं जातो, विहिरीत टेप सोडतो, आकडा लिहितो. त्याचा सत्कार कुठे होत नाही. पण ‘पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा इतकी खाली’ हे वाक्य वर्तमानपत्रात छापून येतं, ते त्याच्या टेपमुळे.

आणि ‘एकटा जिद्दी माणूस’ म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, त्यांच्यातले कितीतरी जण तंत्रज्ञच होते! विलासराव साळुंखे पुण्यातले कारखानदार अभियंते. १९७२ चा दुष्काळ पाहून ते पुरंदर तालुक्यात नायगावला गेले, देवस्थानची ४० एकर पडीक जमीन भाडेपट्ट्यानं घेतली आणि पाणलोटाचे प्रयोग केले. त्यातून पाणी पंचायत निघाली. पाणी जमिनीच्या मापानं न देता घरातल्या माणसांच्या मापानं द्यायचं: माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही हिस्सा. ऊस नाही. एवढ्या पाण्यात माणशी किती जमीन भिजू शकते आणि पोट भरू शकतं, याचा हिशेब मांडल्याशिवाय हा न्याय सांगताच आला नसता. सांगली जिल्ह्यात येरळेवर लोकांनी बळीराजा धरण बांधलं, तेव्हाही भारत पाटणकरांच्या चळवळीबरोबर के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते उभे होते.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहाटे टिकाव घेऊन निघालेली गावं सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्याआधी त्याच गावच्या निवडक माणसांनी घेतलेलं प्रशिक्षण कमी जणांनी पाहिलं असेल. पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये, त्या प्रशिक्षणात वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट भागीदार होती. पारदर्शक नळी आणि दोन पट्ट्या घेऊन समपातळी कशी काढायची, हे शिकून बायाबापड्यांनी डोंगरावर रेषा आखल्या. श्रमदान आणि शास्त्र असं भांडण त्या डोंगरावर तरी कुणाला दिसलं नसेल.

‘विद्यापीठांनी कोरडवाहू शेतकऱ्याला काय दिलं?’

सोलापूरकरांनी तरी हे विचारू नये. कोरडवाहू शेतीवरचं संशोधन मांजरी आणि सोलापुरात स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी सुरू झालं. ना. वि. कानिटकरांच्या काळात बांधबंदिस्ती, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी यांची घडी बसली; ‘मुंबई कोरडवाहू शेती पद्धत’ म्हणून ती देशभर गेली. ज्या मालदांडीची भाकरी आपण चवीनं खातो, त्या ‘एम ३५-१’ची निवड मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली. शेतकऱ्यांकडच्या वाणातून निवडलेली ती ज्वारी अजून रब्बीत टिकून आहे.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं जमिनीच्या खोलीप्रमाणे रब्बी ज्वारीचे वाण दिले. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. ओल किती दिवस टिकणार हे जमिनीची खोली ठरवते, म्हणून वाणही तिच्याप्रमाणे. दुकानदार ‘हे घ्या, चांगलं येतं’ म्हणतो त्यापेक्षा हे बरंच बारकाईचं काम आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव असे मेसेज ‘शाळा न शिकलेल्या बाईनं शास्त्रज्ञांना धडा शिकवला’ म्हणून वापरतात. राहीबाईंचं ज्ञान अस्सलच. पण त्यांच्या बियाणे बँकेमागे ‘बाएफ’ या ग्रामविकास संस्थेचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं राबले, आणि हे त्या स्वतः लपवत नाहीत. धडा शिकवण्याची भाषा फॉरवर्ड करणाऱ्याची.

इथे मेसेजच्या बाजूनं एक मात्र मान्य करायला हवं. हे संशोधन बांधापर्यंत फार उशिरा आणि फार पातळ होऊन पोहोचतं. एका कृषी सहायकाकडे अनेक गावं, त्यात पंचनामे, अनुदानाचे अर्ज, ई-पीक पाहणीची निस्तरानिस्तर. तो वाण कधी समजावणार? अहवाल इंग्रजीत, नकाशे कार्यालयात. शेतकऱ्याचा राग इथे रास्त आहे. फक्त तो ज्यानं मोजलं त्याच्यावर काढू नये. मोजलेलं ज्यांनी पोहोचवलं नाही त्यांच्यावर काढावा.

‘ठिबक लावा, शेततळं घ्या, विषय संपला’

ठिबकनं एकरी पाणी वाचतं. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी एक एकर भिजवतो, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही नाही. गावाच्या विहिरींतून उपसा होणारं एकूण पाणी तेवढंच राहतं, कधी वाढतंही.

शेततळ्याचं गणित अजून कडू आहे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल तळ्यात उतार धरून साधारण २२ लाख लिटर मावतं. वाहून जाणारं पाणी त्यात अडलं तर उत्तम. पण अनेक ठिकाणी प्लास्टिक अंथरून ते विहीर-बोअरच्या पाण्यानं भरलं जातं. म्हणजे जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी उपसून उन्हात ठेवायचं. उन्हाळ्यात दिवसाला ८ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर ९०० चौरस मीटरवरून रोज ७,२०० लिटर उडतात. पातळी उतरते तसा पृष्ठभाग आक्रसतो, म्हणून थोडं कमी धरा. तरी शंभर दिवसांत तळ्याचा जवळपास तिसरा हिस्सा गेला. आणि ज्याच्याकडे तळ्याला पैसा आहे त्यानं सगळ्यांचं पाणी आधी उपसून घेतलं, हे वेगळंच.

भूजलावर काम करणाऱ्या पुण्याच्या ‘अक्वाडॅम’ संस्थेचे हिमांशू कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी कितीतरी वर्षं हेच सांगत आले: भूजल सामाईक आहे, विहीर तुमची असली तरी खडकातलं पाणी शेजाऱ्याचंही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानं ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं घातली. गावोगाव त्याच्या दुपटी-तिपटीनं बोअर चालू आहेत. अहवाल लिहिणाऱ्यांचा इथे दोष कुठला?

‘परदेशी पैशावर पोसलेल्या संस्था’

थोडक्यात आवरतो. होय, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात जर्मन पैसा होता, तो नाबार्डमार्फत आला. फादर हर्मन बाकर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी नगर भागात त्याची बांधणी केली. गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी मान्य करायची, मग निधी. जमिनीच्या प्रत्येक गट नंबरचा आराखडा त्या शेतकरी कुटुंबाला बांधावर उभं करून ठरायचा. पुढे नाबार्डनं आपला पाणलोट निधी याच धर्तीवर उभा केला. पैसा कुठून आला यापेक्षा तो कोणत्या अटीवर खर्च झाला हे विचारलं, तर देशी पैशातल्या बऱ्याच योजनांची पंचाईत होईल.

विदर्भ, मराठवाडा आणि जळगाव भागातल्या पाच हजारांवर गावांसाठी कृषी संजीवनी प्रकल्पात पाण्याच्या ताळेबंदाचं साधन मिलिंद सोहोनी आणि आयआयटी मुंबईच्या चमूनं केलं. त्यात जागतिक बँकेचं कर्ज आहे. मग ते साधनही परदेशी म्हणून टाकून द्यायचं का?

अटल भूजल योजनेतल्या १३ जिल्ह्यांत कित्येक ग्रामपंचायतींच्या भिंतींवर पाण्याचा ताळेबंद रंगवलेला आहे: पाऊस किती, साठा किती, गरज किती, तूट किती. तुमच्या गावात असेल तर त्यावरचं साल बघा. दोन-तीन वर्षांपूर्वीचं असेल तर ऑक्टोबरच्या पातळ्या लागल्या की ग्रामसभेत नवे आकडे मागा, आणि पोकलेनचा ठराव त्यानंतर घ्या.