31 वर्षं एकच सुपरिंटेंडेंट: गॅरी शहरातले विल्यम वर्ट

आपल्याकडे शिक्षणाधिकाऱ्याला जिल्हा कळायला लागतो तोवर त्याच्या बदलीची ऑर्डर येते. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यात सर्वसाधारण कार्यकाळच तीन वर्षांचा आहे. अधिकारी टिकला तर शाळा सुधारतील असं मत आपण नेहमी मांडतो, माझंही तेच मत आहे. पण टिकल्याने नेमकं काय साधतं आणि काय साधत नाही, हे समजून घ्यायचं असेल तर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले विल्यम वर्ट अभ्यासायला हवेत. 1907 साली ते गॅरी शहराच्या शाळांचे सुपरिंटेंडेंट झाले आणि 1938 साली वारले तेव्हाही त्याच पदावर होते.

हे पद म्हणजे आपला शिक्षणाधिकारी नव्हे. स्थानिक शाळा मंडळ सुपरिंटेंडेंटला नेमतं आणि शिक्षकभरती, अभ्यासक्रम, इमारती, अंदाजपत्रक सगळं त्याच्या हातात देतं. मंडळाचा विश्वास असेपर्यंत तो राहतो. वर्ट त्याआधी त्याच राज्यात ब्लफ्टन या छोट्या गावी हेच काम करत होते. गॅरी मात्र कोरी पाटी होती. यू. एस. स्टील कंपनीने 1906 मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी पोलाद कारखान्यासाठी वसवलेलं शहर. 1910 मध्ये लोकसंख्या 16,802, 1920 मध्ये 55,378, 1930 मध्ये एक लाखाच्या वर. पूर्व आणि दक्षिण युरोपातून आलेले कामगार, नंतर अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं. खोल्या बांधून होण्याआधी मुलं दारात उभी असायची.

यावर वर्ट यांनी जे उत्तर काढलं ते 'गॅरी प्लॅन' म्हणून गाजलं. हिशेब मांडून बघा. 800 मुलं, 40 ची एक तुकडी, म्हणजे 20 तुकड्या. नेहमीच्या पद्धतीत 20 वर्गखोल्या लागतात आणि सभागृह, मैदान, व्यायामशाळा दिवसातला बराच वेळ रिकामी पडून असतात. वर्ट यांनी मुलांचे दोन गट केले. एका गटाच्या 10 तुकड्या वर्गात भाषा, गणित, इतिहास शिकत असताना दुसऱ्या गटाच्या 10 तुकड्या बाहेर: समजा 4 सभागृहात, 3 मैदानावर आणि व्यायामशाळेत, 3 कार्यशाळा, प्रयोगशाळा, वाचनालयात. मग अदलाबदल. वर्गखोल्या 10 पुरतात, वाचलेल्या पैशांतून पोहण्याचा तलाव आणि सुतारशाळा उभी राहते. एमर्सन (1909) आणि फ्रोबेल (1912) या शाळा अशाच बांधल्या, बालवाडीपासून बारावीपर्यंत एकाच आवारात. संध्याकाळी तिथेच प्रौढांचे वर्ग.

आपल्या सकाळ-दुपार सत्रांशी याची गल्लत करू नका. दोन सत्रांत प्रत्येक मुलाचा शाळेतला वेळ कापला जातो. वर्ट यांनी उलट दिवस लांबवला, साधारण सव्वाआठ ते सव्वाचार. शाळेतली सुतारकी, नळजोडणी, रंगकाम, छपाई करायला खरे कारागीर ठेवले आणि मुलं त्यांच्या हाताखाली ते काम शिकली. मला त्यांच्या योजनेतलं हे सर्वांत मोलाचं वाटतं, कारण दुरुस्तीवर होणारा खर्चच तिथे शिक्षणाचा खर्च झाला. 1914 पासून पालकांच्या संमतीने मुलांना शाळेच्या वेळात धर्मशिक्षणासाठी चर्चमध्ये पाठवण्याची पद्धतही गॅरीतच सुरू झाली.

आता बिघडतं कुठे ते बघा. वरच्या हिशेबात मैदान आणि व्यायामशाळेत तीनऐवजी दोनच तुकड्या मावत असतील, तर प्रत्येक तासाला एक तुकडी बेवारस होते आणि ती सभागृहात कोंबली जाते. सभागृहातल्या तासाला आखीव कार्यक्रम नसेल तर दीडशे-दोनशे मुलं नुसती बसवून ठेवायची वेळ येते. लहान मुलंही दर तासाला जागा आणि शिक्षक बदलतात, त्यामुळे मूल मागे पडतंय हे कोणा एकाच्या लक्षात येत नाही. अब्राहम फ्लेक्सनर आणि फ्रँक बॅकमन या शिक्षणतज्ज्ञांच्या गॅरीच्या शाळांवरच्या 1918 च्या पाहणीने कल्पनेचं कौतुक केलं, पण मूळ विषयांतली कामगिरी कच्ची आणि देखरेख ढिली असल्याचं नोंदवलं. माझ्या मते हा दोष कल्पनेपेक्षा प्रशासनाचा. वेळापत्रक जितकं गुंतागुंतीचं, तितके पर्यवेक्षक जास्त लागतात.

न्यूयॉर्कमध्ये तर योजनेचा विचकाच झाला. महापौर मिचेल यांनी वर्ट यांना महिन्यातून एक आठवडा, वर्षाला 10,000 डॉलरवर सल्लागार नेमलं. पण तिथे या योजनेचं मुख्य आकर्षण काटकसरीचं होतं. कार्यशाळा, मैदानं आधी पुरेशी न उभारता जुन्याच इमारतींत दुप्पट तुकड्या बसवायच्या म्हटलं की काय होणार! आपल्या पोरांना कारखान्यात मजूर म्हणून घडवताहेत अशी शंका स्थलांतरित आईबापांना आली. 1917 च्या ऑक्टोबरमध्ये मुलं रस्त्यावर उतरली, दगडफेक झाली, नोव्हेंबरच्या निवडणुकीत मिचेल पडले आणि योजना गुंडाळली गेली. तरी इतरत्र ती पसरतच राहिली. 1920 च्या दशकाअखेर दोनशेहून जास्त शहरांत या पद्धतीच्या शाळा होत्या.

आणि मग 1927. एमर्सन शाळेत थोडी कृष्णवर्णीय मुलं होती. त्या सप्टेंबरात आणखी 18 जण तिथे बदलून आले आणि शेकडो गोऱ्या विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. चार दिवसांत प्रशासन झुकलं. संपकऱ्यांना शिक्षा नाही, नव्याने आलेल्यांपैकी शेवटच्या वर्षाची मुलं सोडून बाकीची बाहेर, आणि कृष्णवर्णीयांसाठी वेगळं हायस्कूल. तेच पुढे रूझवेल्ट हायस्कूल झालं. 'तो काळच तसा होता' हे समर्थन मला मान्य नाही. इंडियानाचा तेव्हाचा कायदा शहरांना वेगळ्या शाळा काढायची मुभा देत होता, सक्ती करत नव्हता. वर्ट यांना त्या खुर्चीत 20 वर्षं झाली होती, देशभर नाव होतं. इतका भक्कम अधिकारी नाही म्हणू शकत नसेल तर मग कोण म्हणणार? दीर्घ कार्यकाळाची बाजू मांडताना हे पान वगळून चालणार नाही. बंडखोर कल्पनांचा हा माणूस 1934 मध्ये संसदीय समितीपुढे गेला तो तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे सल्लागार क्रांती घडवू पाहताहेत असा आरोप घेऊन. ज्या जेवणावळीत ते बोलणं ऐकल्याचं त्यांनी सांगितलं, तिथल्या इतर पाहुण्यांनी ते साफ नाकारलं.

गॅरीच्या शाळा मंडळाने वर्णावरून भेदभाव न करण्याचं धोरण स्वीकारलं ते 1946 मध्ये, वर्ट गेल्यानंतर आठ वर्षांनी. त्याच्या आदल्याच वर्षी फ्रोबेलमध्येही गोऱ्या विद्यार्थ्यांनी तसाच संप केला होता.